समुद्राचे आंतरराष्ट्रीय नियम सगळ्यांना कळतील असे कसे मांडायचे?

दर्यावाचक (धागाकर्ती)

गेले चार महिने मी एका प्रश्नाच्या मागे आहे. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रात काय करायचं आणि काय नाही, हे नक्की कोण ठरवतं? कायद्याचं शिक्षण नाही, जहाजावर कधी पाय ठेवलेला नाही. वाचायची सवय आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर सुरुवात केली. जे हाती लागलं ते इथे मांडते, कारण यापुढचं काम एकटीने रेटण्यासारखं नाही.

आधी एक गोष्ट, कारण माझा समज उलटा होता. कागद लपवलेले नाहीत. समुद्रविषयक कायद्याचा १९८२ चा करार, म्हणजे ३२० कलमं आणि ९ परिशिष्टं, कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने २१ मे २०२४ रोजी हवामानबदलावर सल्लामत दिलं. माणसाने हवेत सोडलेले हरितगृह वायू या कराराच्या अर्थाने सागरी प्रदूषणच ठरतात, असं त्यात म्हटलंय. ते मत अथपासून इतिपर्यंत वाचता येतं. दार उघडं आहे, आत मात्र काही दिसत नाही.

म्हणून मी एकच वस्तू धरली आणि तिचा माग काढायचं ठरवलं. हवाई आणि मेक्सिको यांच्या मधल्या पॅसिफिकच्या तळाशी, चार ते साडेपाच किलोमीटर खोल, बटाट्याएवढे काळपट गोळे गाळावर पसरलेले आहेत. एखाद्या गोळ्याच्या पोटात शार्कचा दात सापडतो, आणि त्याभोवती मँगनीज, लोह, निकेल, तांबं, कोबाल्ट यांचे थर. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, या गतीने ते वाढतात. कराराच्या कलम १३६ नुसार राष्ट्रीय हद्दींपलीकडचा हा तळ आणि त्यातली खनिजं हा साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा आहे. म्हणजे तो गोळा माझाही आहे, तुमचाही.

आता त्या गोळ्याचं पुढे काय होणार हे मला कळून घ्यायचं होतं. जमैकातल्या किंग्स्टन शहरात आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण आहे. शोधकामाचे तीसच्या आसपास परवाने त्यांनी दिलेत. प्रत्यक्ष खाणकामाचे नियम मात्र वर्षानुवर्षं मसुद्यातच आहेत. जून २०२१ मध्ये नाउरू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटदेशाने, नियम दोन वर्षांत पुरे करायची मुदत सुरू करणारी तरतूद वापरली, जुलै २०२३ मध्ये ती मुदत संपली, नियम तेव्हाही तयार नव्हते. मी तो मसुदा उघडला. पानापानावर चौकोनी कंस. दोन दिवस मी कंसातला मजकूर नियम म्हणूनच वाचत होते. नंतर कळलं की चौकोनी कंस म्हणजे यावर अजून एकमत नाही. एका वाक्यात तीन-तीन कंस, प्रत्येकात वेगळा पर्याय. ही खूण वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, बाहेरच्याला ती कुणी सांगत नाही. आणि परवान्यांच्या अर्जांची छाननी करणाऱ्या कायदे व तंत्रविषयक आयोगाच्या बैठका तर बहुतेक बंद दाराआडच होतात.

माझं म्हणणं असं आहे की संकेतस्थळावर चढवलेला कागद म्हणजे लोकांपर्यंत पोचलेली माहिती नव्हे. ती सापडली पाहिजे, समजली पाहिजे, आणि निर्णय व्हायच्या आत हाती आली पाहिजे. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रात काम केलं असेल तर सांगा, हे मराठीत आणायचं तर सुरुवात कुठून करायची?

नांगर

धागा वाचला आणि लगेच लिहायला बसलो. एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, उतरलो तेव्हा चीफ ऑफिसर होतो. तुम्ही शोधताय त्याचं एक उत्तर मी रोज जेवायला जाताना बघत होतो.

बारा मीटर किंवा त्याहून लांब प्रत्येक जहाजावर कचऱ्याचा एक फलक लावावा लागतो. प्रदूषणाविरुद्धचा जो मार्पोल करार आहे, त्याच्या पाचव्या परिशिष्टात हे सांगितलंय. आमच्याकडे तो गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दाराशेजारी असायचा, तेलाच्या वाफेने कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर काय? प्लॅस्टिक समुद्रात टाकायचं नाही, कुठेही, कधीही. उरलेलं अन्न २५ मिलिमीटरहून बारीक दळलेलं असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे, न दळलेलं असेल तर बारा मैलांपलीकडे. काही विशेष सागरी प्रदेशांत याहून कडक. बस, एवढंच.

आता बघा, हा फलक कुठल्या भाषेत हवा हेही त्याच परिशिष्टात लिहिलंय. जहाजावरच्या माणसांच्या कामकाजाच्या भाषेत, आणि परदेशी बंदरांत जाणारं जहाज असेल तर शिवाय इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये. म्हणजे करार लिहिणाऱ्यांनी विचार केला होता की बादली हातात घेऊन कठड्यापाशी कोण उभं राहणार. चीफ कुक. त्याला परिशिष्ट वाचायला लावून उपयोग नाही, त्याला बारा मैल हा आकडा कळला पाहिजे. पहिल्याच जहाजावर आमच्या कुकने मला विचारलं होतं, "साहेब, आत्ता आपण किती मैलांवर आहोत?" मी ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, फोन करून विचारलं, नऊ मैल. तो म्हणाला, मग तासाभराने. आंतरराष्ट्रीय कायदा पाळला जाताना मी पाहिला तो असा.

दुसरी बाजूही सांगतो. जहाजांना बांधणारे मोठे करार, जीवितसुरक्षेचा सोलास काय, मार्पोल काय, त्यात सतत दुरुस्त्या होतात. सगळ्या दुरुस्त्या एकत्र केलेली अद्ययावत आवृत्ती लंडनची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना पुस्तक म्हणून विकते. जहाजावर ती घ्यावीच लागते, कंपनी पैसे भरते. घरी बसलेल्या माणसाने वाचायचं म्हटलं तर मूळ करार वेगळा, दुरुस्तीचे ठराव वेगळे, सगळं आपणच जुळवायचं. नियम सगळ्यांसाठी आणि त्याची ताजी प्रत विकत, हे मला नोकरीत असतानाही खटकायचं.

कलम७६

दर्यावाचकताई, चौकोनी कंसांबद्दल नेमकं लिहिलंत. मी सागरी कायद्यात पदव्युत्तर अभ्यास केला, आणि पहिल्या सत्रात माझीही तीच गत झाली होती.

तुमच्या तिसऱ्या अटीबद्दल बोलतो. राष्ट्रीय हद्दींपलीकडच्या जैवविविधतेचा नवा करार १९ जून २०२३ रोजी स्वीकारला गेला. साठाव्या देशाचं अनुसमर्थन, म्हणजे करार रीतसर मान्य करणं, १९ सप्टेंबर २०२५ ला आलं, आणि त्यानंतर १२० दिवसांनी, १७ जानेवारी २०२६ ला तो लागू झाला. जगातल्या महासागरांचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग या कराराच्या कक्षेत येतो. यात पर्यावरणीय आघाताच्या तपासणीची एक साखळी आहे, आणि सर्वसामान्य माणसासाठी ती समजून घेण्यासारखी आहे.

समजा एखाद्या सदस्य देशाच्या नियंत्रणाखाली भर समुद्रात काहीतरी नवं काम होणार आहे. त्याचा परिणाम किरकोळ किंवा तात्पुरता यापेक्षा जास्त असू शकतो असं वाटलं, किंवा परिणाम काय होईल हेच नीट माहीत नसलं, तर त्या देशाने आधी प्राथमिक छाननी करायची. छाननीअंती त्याने ठरवलं की पूर्ण आघात-तपासणीची गरज नाही, तर तो निर्णय आणि त्यामागची माहिती कराराच्या सामाईक माहिती-यंत्रणेवर सर्वांसाठी प्रसिद्ध करावी लागते. त्यानंतर ४० दिवस. या ४० दिवसांत आक्षेपवजा मत नोंदवता येतं, पण कुणाला? इतर सदस्य देशांना. तुम्हाला-मला नाही. पूर्ण तपासणी सुरू झाली तर मात्र जनतेला सूचना देणं, तिचं म्हणणं ऐकणं ही पायरी करारातच आहे.

म्हणजे छाननीच्या टप्प्यावर नागरिकाकडे एकच वाट उरते. माहिती प्रसिद्ध झाल्याचं वेळेत कळायचं, ती समजून घ्यायची, आणि ४० दिवसांच्या आत आपल्या सरकारच्या कानावर घालायची. परक्या भाषेतला तांत्रिक कागद पस्तिसाव्या दिवशी सापडला, तर ही वाट बंदच.

साधाप्रश्न

विरोधासाठी विरोध म्हणून नाही, मनापासून विचारतो. हे सगळं प्रत्येकाने का वाचायचं? विमानाच्या सुरक्षेचे नियमही आपण वाचत नाही, त्यासाठी तज्ज्ञ आहेत. बैठकीत आपले प्रतिनिधी बसतात. अवघड विषय सोपा करायला गेलं की तो चुकीचा होतो, आणि अर्धवट माहितीवर ओरडणाऱ्यांची गर्दी वाढते. मला याची भीती खरी वाटते.

नांगर

साधाप्रश्न, भीती समजू शकतो. पण कुकला सगळं परिशिष्ट कळायची गरज नव्हती, त्याच्या हातून काय घडतं तेवढं कळायचं होतं. ते कळल्यावर त्याने गोंधळ घातला नाही, एक योग्य प्रश्न विचारला.

कलम७६

विमानाचं उदाहरण इथे लागू पडत नाही असं मला वाटतं. विमान पडलं तर दुसऱ्या दिवशी साऱ्या जगाला कळतं. चार किलोमीटर खोल गाळ ढवळला गेला तर ते कळायला मुळात कुणीतरी बघत असावं लागतं. शिवाय ज्याला सामाईक वारसा म्हटलं, त्याचा मालक कोण? १ नोव्हेंबर १९६७ ला माल्टाचे राजदूत आर्विड पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा विचार मांडला, तेव्हा मुद्दाच हा होता की ज्यांच्याकडे तंत्रज्ञान आहे त्यांनी आधी जाऊन तळ वाटून घेऊ नये. वारसदारांना हिशेब दाखवायचा नाही आणि वारसा सामाईक म्हणायचा, हे जमत नाही.

गुप्ततेला कधीकधी सबळ कारण असतं, हेही मान्य करतो. माझं टोपणनाव ज्या कलमावरून आहे तेच घ्या. २०० सागरी मैलांपलीकडे आपल्या भूखंड-मंचाची, म्हणजे आपल्या हक्काच्या समुद्रतळाची, हद्द वाढवायची असेल तर देशाने २१ सदस्यांच्या एका शास्त्रीय आयोगाकडे दावा दाखल करायचा असतो. पहिला दावा रशियाने डिसेंबर २००१ मध्ये केला. या दाव्यांचा फक्त सारांश सर्वांना बघायला मिळतो. भूकंपलहरींची मोजमापं, गाळाच्या जाडीचे आकडे असला तपशील बंद राहतो आणि चर्चा खासगीत होते. तळाखालचं तेल-वायू कुठे आहे याचा सुगावा त्या आकड्यांत असू शकतो, तेव्हा देशांचा आग्रह मी समजू शकतो. पण आयोगाने हद्द अमुक ठिकाणी का मान्य केली, याचा युक्तिवाद बाहेरच्या अभ्यासकाला स्वतः तपासता येत नाही, आणि त्या रेषेपलीकडे जे उरतं तो सगळ्यांचा वारसा असतो. एका देशाची रेषा पुढे सरकली की आपला वाटा तेवढा आक्रसतो. माझ्या मते आकडे झाका, कारणं उघडी ठेवा.

शब्दवेडी

मी भाषांतरकार आहे, कायद्याचे कागद बरीच वर्षं मराठीत आणतेय. साधाप्रश्न यांची भीती मला भाषांतराच्या टेबलावर रोज भेटते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

करारांच्या इंग्रजीत सगळी ताकद क्रियापदाआधीच्या एका छोट्या शब्दात असते. तिथे "शॅल" आलं की बंधन, "शुड" आलं की अपेक्षा, "मे" आलं की मुभा. आपल्या कायदेशीर मराठीत "शॅल"साठी "करील" वापरायची रीत आहे. "राष्ट्रे परस्परांशी सहकार्य करतील." वकिलाला यात आज्ञा ऐकू येते. बाकीच्यांना भविष्यकाळ! वाचणाऱ्याला वाटतं, बरं झालं, करतील म्हणे. बंधनाचं भाकीत होऊन बसतं. म्हणून लोकांसाठी लिहिताना मी "करील" पूर्ण टाळते. "करणं बंधनकारक आहे", "करावं अशी अपेक्षा आहे", "करता येईल", असे तीन वेगळे साचे ठेवते. मधे एक चौथा प्रकार असतो, "करण्याचा प्रयत्न करणं बंधनकारक". हा कितीही लांबला तरी मोडायचा नाही, कारण वाटाघाटीत त्या "प्रयत्न" शब्दासाठी लोक रात्र-रात्र भांडलेले असतात. सोपं करायच्या नादात तो गाळला तर आपण करारच बदलला.

दुसरा घोळ ओळखीच्या शब्दांचा. भूगोलात आपण समुद्रबूड जमीन शिकलो, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ, मंद उताराचा भाग, साधारण दोनशे मीटर खोलीपर्यंतचा. कायद्यातला भूखंड-मंच निराळा. पाणी कितीही खोल असो, शेजाऱ्याची हद्द आड येत नसेल तर तो २०० सागरी मैलांपर्यंत असतोच, काही ठिकाणी त्याही पलीकडे. मी एका मसुद्यात सवयीने "समुद्रबूड जमीन" लिहून गेले होते, आणि तपासणाऱ्याने विचारलं, ही जमीन तीन हजार मीटर खोल कशी? तेव्हापासून कायद्याच्या संदर्भात मी "भूखंड-मंच"च लिहिते आणि पहिल्याच उल्लेखात फरक सांगते.

आणि सगळ्यात फसवा शब्द म्हणजे "क्षेत्र". करारात राष्ट्रीय हद्दींपलीकडच्या तळाला इंग्रजीत नुसतं "एरिया" म्हटलंय, मोठ्या अक्षराने सुरू होणारं. मराठीत मोठं अक्षर नाही. "क्षेत्रातील उपक्रम" असं लिहिलं तर कुणाच्या लक्षात येणार की इथे चार किलोमीटर खोल तळाबद्दल चाललंय? मी "सामाईक समुद्रतळ" सुचवते.

वरचं पाणी मात्र वेगळं, त्याला कलम७६ यांनी "भर समुद्र" म्हटलंय ते मला आवडलं. कारण एकाच जागी दोन कायदे असू शकतात. भूखंड-मंच २०० मैलांपलीकडे गेला असेल, तर तिथे खालचा तळ एका देशाच्या हक्काचा, आणि वरच्या पाण्यात सर्वांना संचाराचं, मासेमारीचं, संशोधनाचं स्वातंत्र्य, अर्थात अटींसह. तळ आणि पाणी यांना दोन वेगळे शब्द नसतील तर हे वाक्य मराठीत लिहिताच येत नाही.

किनारा

शब्दवेडी, प्रतिसाद साठवून ठेवला. "करील" वाचून मी कायम भविष्यकाळच समजत आले, आज कळलं.

अक्षांश

मी नकाशे आणि उपग्रहांच्या विदेवर (डेटावर) काम करतो. दोन गोष्टी जोडतो, दोन्ही "दिसतं ते सगळं नसतं" या जातीच्या.

समुद्रावर कोण काय करतंय हे बघायला ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा २०१६ पासून सर्वांना खुला आहे. एआयएस हे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र, त्याचे संदेश उपग्रह टिपतात, त्यावरून मासेमारीचे ठिपके उमटतात. शाळेतली मुलंही ते उघडून बघू शकतात, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पण रिकामा भाग बघून "इथे कुणी नाही" असं म्हणणं चूक आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या संशोधनात उपग्रहांच्या रडार-प्रतिमा या ठिपक्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा औद्योगिक मासेमारी नौकांपैकी जवळपास तीन चतुर्थांश सार्वजनिक मागोव्यात दिसतच नाहीत असं आढळलं. सगळ्याच लपूनछपून चालल्यात असा याचा अर्थ नाही. अनेक नौकांना ते यंत्र बसवण्याची सक्तीच नाही.

नांगरकाका, एआयएसबद्दल तुम्ही सांगाल तर बरं. बंद केलेलं यंत्र म्हणजे गुन्हा, असं लोक सरसकट धरतात.

दुसरी गोष्ट हद्दींच्या रेषांची. कुठल्याही नकाशावर २०० मैलांची रेषा ठसठशीत काढलेली असते, आणि लोक ती कायदा म्हणून वाचतात. करारानुसार देशांनी आपल्या हद्दींचे नकाशे किंवा निर्देशांकांच्या याद्या रीतसर प्रसिद्ध करून संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा करायच्या असतात. सगळ्यांनी त्या केलेल्या नाहीत. मग नकाशा करणारे किनाऱ्यापासून हिशेबाने रेषा काढतात, शेजाऱ्यांमध्ये मध्यरेषा घेतात. अभ्यासाला ते ठीक आहे. पण ही रेषा देशाने जाहीर केलेली, ही दोघांनी करारात मान्य केलेली, ही वादातली आणि ही आम्ही हिशेबाने काढलेली, असे चार प्रकार चार तऱ्हांनी दाखवलेच पाहिजेत. मी सुरुवातीच्या कामात ते केलं नव्हतं. एका वाचकाने तो नकाशा पुरावा म्हणून पुढे पाठवला, तेव्हा माझी झोप उडाली. तो नकाशा काढून टाकून नव्याने केला.

नांगर

अक्षांश, बरोबर आहे. एआयएस मुळात टक्कर टाळायला आलं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनभाराच्या आणि त्यावरच्या जहाजांना ते सक्तीचं. रात्री धुक्यात समोरच्या ठिपक्याचं नाव, दिशा, वेग पडद्यावर दिसतो आणि जीव भांड्यात पडतो. चाच्यांचा धोका असेल तर कप्तानाला ते बंद करण्याची मुभा असते. मात्र लॉगबुकात कारणासकट नोंद ठेवायची. म्हणून बंद दिसलं की लगेच आरोप करू नये, आणि महिनोन्‌महिने बंद दिसलं तर प्रश्न विचारायला कचरूही नये.

साधाप्रश्न

रेषांचे चार प्रकार आणि "प्रयत्न" शब्द न गाळणं, या दोन गोष्टींनी माझं बरंचसं समाधान झालं. सोपं करताना खात्रीचं काय आणि वादातलं काय हे दाखवलं, तर माझा आक्षेप राहत नाही. एक विचारू? वाटाघाटी चालू असतानाच त्यांचं सार वाचायचं असेल तर ते कुठे मिळतं? शेवटचा करार वाचण्यात उशीर झालेला असतो, हे मला आता पटलंय.

कलम७६

अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन बघा. १९९२ पासून ते पर्यावरणविषयक वाटाघाटींचे रोजचे वृत्तान्त देतात. कुणी काय मांडलं, कशाला विरोध झाला, कंस कुठे उरले, हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाचायला मिळतं. भाषा आटोपशीर असते, पण लघुरूपांचं जंगल आहे. तिथेच आपल्याला काम करता येईल. रोजचं भाषांतर झेपणार नाही. प्रत्येक मोठ्या बैठकीच्या आधी एक पान आणि नंतर एक पान, हे जमू शकतं. आधीचं पान जास्त महत्त्वाचं.

एक इशारा देतो. ट्यूना माशांच्या पकडीचे वाटे ठरवणाऱ्या प्रादेशिक संस्थाच पाच आहेत. शिवाय देवमाशांचा आयोग, अंटार्क्टिक सागरी जीवांचा आयोग, जहाजांची संघटना, तळाचं प्राधिकरण. सगळं एकदम घ्यायला गेलात तर दमाल. एक धरा.

दर्यावाचक (धागाकर्ती)

मी चार महिने एका अवाढव्य पुस्तकाचा विचार करत होते. नांगरकाकांचा गॅलीतला फलक वाचल्यावर तो बेत सोडला. फलक करूया. एका निर्णयाचा एक फलक, आणि त्यावर चारच गोष्टी: काय ठरतंय, कोण ठरवतंय, कधीपर्यंत, आणि आपलं म्हणणं कुठल्या वाटेने तिथे पोचतं. पहिला ४० दिवसांचा घेतला. कच्चा खर्डा असा:

"भर समुद्रात नवं काम निघालं तर. ज्या देशाच्या नियंत्रणाखाली ते काम होणार, तो देश आधी छाननी करील. पूर्ण आघात-तपासणी नको असं त्याने ठरवलं, तर तो निर्णय आणि त्यामागची माहिती कराराच्या माहिती-यंत्रणेवर प्रसिद्ध करील. त्या दिवसापासून ४० दिवस इतर सदस्य देशांना आपलं मत नोंदवता येतं. नागरिकांना थेट नोंदवता येत नाही. तुमची हरकत असेल तर या ४० दिवसांत तुमच्या सरकारच्या संबंधित खात्याला लिहा, सोबत त्या माहितीची प्रत जोडा. पूर्ण तपासणी सुरू झाली, तर मात्र जनतेचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. काम करू द्यायचं की नाही, याचा निर्णय शेवटी त्या देशाचाच."

कलम७६

मजकूर बरोबर आहे. एक भर घाला. तुमचा देश या कराराचा सदस्य आहे का, हे आधी बघायला सांगा. नसेल तर मत नोंदवायचा अधिकार त्याला नाही, आणि वाचकाची मेहनत फुकट जाईल.

नांगर

पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात "४० दिवस" घ्या. आमच्या फलकावर सगळ्यात मोठं अक्षर बाराच्या आकड्याचं होतं. बाकीचं माणूस मागाहून वाचतो.

शब्दवेडी

ताई, खर्ड्यात दोनदा "करील" आलंय. पहिल्या ठिकाणी "छाननी करणं बंधनकारक आहे", दुसऱ्या ठिकाणी "प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे". आणि "हरकत" हा शब्द जरा जड होतोय. करारात मत नोंदवणं आहे, हरकतीने काम आपोआप थांबत नाही. "तुम्हाला काही म्हणायचं असेल तर" एवढं पुरे.

दर्यावाचक (धागाकर्ती)

चारही बदल केले. "करील" कसं निसटलं कळलं नाही, इतकं वाचूनही बोटांना सवय लागलेली होती. ४० वर नेलाय, सदस्यत्वाची ओळ त्याच्या लगेच खाली.

पुढचा फलक गोळ्यांचा घेते, सामाईक समुद्रतळाच्या खाणकाम-नियमांचा. तिथे अडचण वेगळी आहे, अर्धा मजकूर अजून कंसात आहे. अक्षांश, तुमच्या रेषांच्या चार तऱ्हांसारखं काही शब्दांसाठी करता येईल का? ठरलेलं एका तऱ्हेने आणि न ठरलेलं दुसऱ्या, म्हणजे माझ्यासारखी दोन दिवस कुणी फसणार नाही.

अक्षांश

येईल. ठरलेलं काळ्या शाईत, न ठरलेलं फिकट, आणि प्रत्येक फिकट ओळीपुढे कोणते पर्याय पटावर आहेत ते. मसुद्याची तारीख मात्र वरच्या कोपऱ्यात हवीच, पुढच्या बैठकीनंतर तो शिळा होणार. रविवारपर्यंत नमुना टाकतो.